काटाघरातला वर्ग

रविवारी जिनिंग बंद असते.
गेडाम चौकीदार काटाघराचं कुलूप काढतो,
विचारतो, "आज किती पोट्टे?"
पाच. आर्णीची गाडी वेळेवर आली तर सहा.

फरशीवर सरकी पसरून
हस्गेलकाका तीत बोटाने अक्षर काढतात.
चाळीस वर्षं टपालाचे शिक्के मारून
मनगट वाकलेलं,
त्यामुळे त्यांचा लामेद जरा झुकतो
आणि आता सगळ्याच पोरांचा झुकतो.

"उजवीकडून काऊन?" योनाने विचारलं.
काका खिडकीबाहेर बघत राहिले.
"बैल धुऱ्यापर्यंत गेले की काय करतात?"
"वळतात."
"मग रिकामे येतात?"
"नाही जी, येता येताही वखरतात."
"तशी ही परतीची ओळ."

अलेफला आवाज नसतो, म्हणाले.
पेनिना हसली, मग लिहायचा कायले?
"मशीन थांबली की कानात काय राहते?"
जिनिंगच्या खडखडाटात वाढलेली पोरं
एकदम गप्प झाली.

मी मागे, पोत्यांवर बसते.
आठवडाभर दवाखान्यात लसीचे आकडे लिहिते,
इथे मुळाक्षरं गिरवते.
आईला शेमा पाठ होता, अक्षर एक येत नव्हतं.
शुक्रवारी जवसाच्या तेलाचा दिवा लावून
डोळे झाकून म्हणायची,
कधी न पाहिलेल्या गावाचा पत्ता
कोणी तोंडपाठ ठेवावा तसा.
मला वाटायचं, तो एकच लांब शब्द आहे.
आता चाळिशीत तो सुटा होतोय,
रुईतून सरकी निघावी तसा.

तांबडा समुद्र दुभंगला तेव्हा
"बेंबळ्याचे दरवाजे उघडते तसं?"
"उलटं रे, उलटं."
मग फुटलेलं जहाज, कोकणचा किनारा,
शनिवारी थांबणारा तेलाचा घाणा.
सांगताना काकांचा घसा दाटतो.
यातल्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नाही.
काकांनीही नाही, हे मला नंतर कळलं.

नहूम तेराचा झाला,
त्या शनिवारी पहिल्यांदा दहा भरले.
शुक्रवारीच येऊन मुक्काम केला सगळ्यांनी:
पुलगावचे तिघे, वणीचे दोघे, आर्णीचे तिघे, काका,
आणि मिसरूडही न फुटलेला दहावा.
मी मलिदा केला, पोहे, गूळ, यवतमाळहून आणलेला नारळ.
ताट उरलं नाही.
पुढच्या महिन्यात आर्णीचा एलियाब
बायकापोरं घेऊन दिमोनाला गेला.
पुन्हा नऊ.

त्या रविवारी सरकीत कोणी बोट घातलं नाही.
गेडाम दारातूनच म्हणाला,
"म्या उभा राहिलो तं चालत नाही का?"
काका हसले, मग हसायचे थांबले.
तेव्हा माझी तिर्झा उठली,
चपला काढल्या,
कापसाच्या काट्यावर जाऊन उभी राहिली.
"मले काऊन नाही मोजत?
नहूमपेक्षा चांगला येते मले शेमा."

पोस्टमास्तर माणूस,
वजन वाचल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही.
"एकतीस," म्हणाले.
इब्रीत आकडाही अक्षरांनीच लिहितात.
खडू घेतला, पाटीवर काढला
तीसचा लामेद, झुकलेला,
त्याच्या डावीकडे एकचा अलेफ.

नहूमने उजवीकडून वाचलं: "लो."
म्हणजे नाही.
तिर्झा काट्यावरच होती,
तिने वाचलं शाळेत वाचतो तसं, डावीकडून:
"एल."
मग हळूच, "हे तं देवाचं नाव आहे ना, काका?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला.
पाटी पुसली नाही.
"मला ठाऊक नाही, पोरी," म्हणाले,
"पुण्याच्या हज्जानांना पत्र टाकतो."
उत्तर यायला किती दिवस लागतात
हे त्यांच्याइतकं
इथे कोणालाच माहीत नाही.